सव्वीस आटे

असल्फ्याच्या टेकडीला पाणी पहाटे चार-दहाला.
बाबा तीन-पन्नासला रस्त्यातलं झाकण उचलायचे,
लांब दांड्याची चावी खाली सोडायचे आणि वाकून
सव्वीस आटे.
सत्तावीस दिले की खाली साकीनाक्याचे नळ फुसफुसतात,
पंचविसावर थांबलं की वरच्या टोकाला
गुलशनबी रिकामी कळशी घेऊन उभी.
हे कुठल्या वहीत नव्हतं. मनगटात होतं.

आता ते मनगट माझ्या हातात.
नाडी अशी उड्या मारतेय
की वाटावं, माणूस धडधाकट.
तळवे लालबुंद, गरम.
आई म्हणाली, बघ, अंगात ऊब आहे.
डॉक्टर फरहीन काही बोलली नाही.
केसपेपर उलटा केला
(रघुवीर पालव, वय एकोणसाठ, जलखातं)
आणि मागच्या बाजूला पेनानं नळ काढले.

"यकृताचा दगड झालाय. आतड्यांकडून येणारं रक्त
तिथं अडतं, तुंबतं, गल्लीबोळ शोधतं,
अन्ननलिकेत फुगून बसतं.
आणि पोटातल्या रक्तवाहिन्या सगळ्या सैल पडल्यात,
आवळायला कुणी उरलंच नाही.
रक्त आहे. दाब नाही."

हे मला समजवायची गरज नव्हती.
जन्म टेकडीवर काढलाय आम्ही.

"आणि मूत्रपिंडं?"
"ती बरी आहेत. उद्या दुसऱ्या कुणाच्या अंगात बसवली
तर मुकाट कामाला लागतील.
त्यांना फक्त वाटतंय, दुष्काळ पडलाय.
म्हणून आपापल्या चाव्या
त्यांनीच घट्ट बंद करून घेतल्यात."

पिशवीत कालपासून दीडशे मिली, कोऱ्या चहाच्या रंगाचं.
पोटात मात्र बारा लिटर.
याच्या पोटातलं पाणी हलत नाही, असं काकू म्हणायची.
डॉक्टर एका कुशीवर टिचकी मारते,
दुसऱ्या कुशीवर लाट येते.

शेजारच्या खाटेवरचा विचारतो, किती घ्यायचे रोज?
थेंबसुद्धा नाही, हे सांगून सांगून घसा बसलाय माझा.
ब्याण्णव साली खड्ड्यात पडले होते,
कुणाचं तरी रक्त चढवलं होतं.
ते कुणीतरी आजवर आमच्या घरात राहत होतं,
भाडं न देता, आवाज न करता.

रात्री नवं औषध लागलं, थेंब थेंब.
पोटातल्या वाहिन्या आवळायला.
फार आवळलं तर बोटं काळी पडतील, लक्ष ठेवा.
"किती आटे?" मी विचारलं.
ती हसली. मग हसली नाही.

दीडच्या सुमाराला बाबा उठून बसू लागले.
हात पुढे, मनगटं फडफडतायत,
हवेतच चावी फिरतेय.
अठरा. एकोणीस. वीस. वीस. वीस.
पुढचा आकडा सापडेना.
मी कानाशी म्हटलं, एकवीस.
त्यांनी माझ्याकडे असं बघितलं
जसं हद्दीबाहेरच्या माणसाकडे बघावं.

डोळा लागला. जाग आली तेव्हा तळवा गार.
मी ओरडलेच. आगवणे सिस्टर धावत आल्या,
नख दाबलं, सोडलं, रंग परत येईपर्यंत थांबल्या.
मग खाटेखाली उकिडव्या बसून
पिशवी उजेडात धरली.
"चारशे," त्या म्हणाल्या. "चारशे आलंय."

टेकडीवर आता कुणी नवा पोरगा झाकण उचलत असेल.
मोजतो का, कोण जाणे.

मी वहीत लिहिलं: चार-दहा. चारशे.
आई तो गार हात पदरात घेऊन चोळत होती.
म्हटलं, राहू दे गं गार,
आज गारच बरा.
तिनं ऐकलं असेल. चोळत राहिली.