मोजणी

महापे एमआयडीसी, तिसरा मजला. बाहेर मे,
आत मी स्वेटर घालून दोन रॅकांच्या मधल्या गारठ्यात.
लायसनवाल्यांना सोमवारपर्यंत कोअरचा आकडा हवाय.
एकेचाळीस सर्व्हर. प्रत्येकाला विचारायचं एवढंच,
की बाबा, तुझ्या पोटात आहे तरी काय?

पण प्रत्येकाची बोली निराळी.
लिनक्सला lscpu म्हटलं की तो घडाघडा सांगत सुटतो,
सॉकेट किती, कॅश किती, कुठल्या दुखण्यावर कुठलं औषध चालू आहे,
न विचारलेलंही.
फ्रीबीएसडी मोजकं बोलणारा.
sysctl, मग hw.model, मग एक ओळ. की गप्प.
एआयएक्सच्या नावावर अर्धाच प्रोसेसर,
बाकीचा सामाईक. भाऊबंदकीतल्या विहिरीसारखा
पाळीपाळीनं मिळतो.

आणि कोपऱ्यातला जुना सोलारिस.
psrinfo म्हटलं, चौसष्ट ओळी आल्या.
शेवटी -p लावून पुन्हा विचारलं.
म्हणाला, एक.
मी चष्मा पुसला. कागदपत्रं काढली. कोअर आठ.
एकेका कोअरची आठ-आठ नावं हजेरीपटावर,
आणि सगळे मिळून एका चिपेत राहणारे.
चौसष्ट, आठ, एक. खोटं कुणीच बोललेलं नाही.

बाहेरच्या माणसाला इथे एकटं सोडत नाहीत,
म्हणून स्टुलावर हसुराम मढवी, कानटोपी घालून.
"काय मोजताव गो बाय?"
सांगितलं, जमेल तसं.
त्यांना हसू आलं. "आमची पन मोजनी झाली व्हती.
साखली घेऊन आलं व्हतं."
बुटाच्या टाचेनं त्यांनी फरशी ठोकली,
खालून पोकळ आवाज आला, केबलींचा.
"आथंच. भात व्हता."

किती होतं, मी विचारलं.
ते बोटांवर काहीतरी करत राहिले.
सातबाऱ्यावरचं वेगळं, बांधावरचं वेगळं,
साडेबारा टक्क्यांत हातात आलं ते आणखी वेगळं,
त्यातही चुलत्याचा हिस्सा.
मग वॉकीटॉकी खरखरला
आणि ते दाराकडे गेले.

मी रकान्यात आठ लिहिले.
शेऱ्यात लिहिलं: कसं विचारता त्यावर आहे.
मग ते खोडलं, साहेबांना चालणार नाही.

एकेचाळिसाव्याचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही.
दिवा हिरवा आहे, पंखा फिरतोय.
तिथे नुसती रेघ मारली.