खालून मोज

नुर्मेसच्या अलीकडे, जिथे रूळ दोन तळ्यांमधून
अंग चोरून जातात,
तिथलं फाटक माझ्या आईकडे होतं.
दिवसाला चार गाड्या : तीन लाकडाच्या, एक माणसांची.
उरलेला वेळ ती उतारावरच्या फुलांना देई.
देई म्हणजे काय, बघत बसे.

जळलेल्या, तोडलेल्या, उकरलेल्या जमिनीवर
सगळ्यांत आधी येतं ते मैतोहोर्स्मा.
मैतो म्हणजे दूध. गाईने खाल्लं तर दूध वाढतं म्हणत.
आमची गाय तोंड लावत नसे.
आईच्या खांद्याला लागेल एवढा तुरा,
जांभळा म्हणावा तर गुलाबी.

"खालून मोज," आई म्हणे.
"खालची आधी उमलतात. वरच्यांनी थांबायचं.
दांड्याला तरी कुठे ठाऊक असतं
आपण कुठे संपणार ते?
वाढत जातो आणि वाटेत कळ्या ठेवत जातो."

भुंगाही तळापासून चढायचा.
खाली जुनी फुलं, चार फाट्यांची जीभ बाहेर काढून बसलेली,
वर नवी, परागांनी नुसती माखलेली.
टोकाला पोचला की तो उतरत नसे,
थेट शेजारच्या तुऱ्याच्या पायथ्याशी जाई.
(मी एकदा अख्खी दुपार मोजली. एकही उतरला नाही.)

तौनो पहिला गेला, यतेबोरीला, मोटारींच्या कारखान्यात.
मग साइमी, त्याच कारखान्याच्या स्वयंपाकघरात.
एइनो जहाजावर. हेल्वीने लग्न केलं
आणि आम्हाला पत्राने कळवलं.
प्रत्येकाच्या वेळी आईने फाटक पाडलं,
हिरवं निशाण धरलं, गाडी गेली, फाटक उचललं.
नियमाबाहेर काही केलं नाही.

मी तेव्हा अजून
हिरव्या मुठीसारखी घट्ट होते, टोकाला.

वडिलांची गोष्ट वेगळी.
त्यांच्यासाठी आई दुसरं फूल दाखवी,
खंदकाकाठचं पिवळं लेइनिक्की :
टोकालाच एक फूल आधी उघडतं
आणि दांडा तिथेच मिटतो.
पुढचं सगळं मग बगलेतून, वाकून, जागा शोधत.
पुस्तकात अशा फुलोऱ्याला 'कुंठित' म्हणतात.
तो शब्द मी घरात कधी वाचून दाखवला नाही.
एकोणिसाव्या वर्षी वाल्फ्रिडने योएन्सूच्या नाचघरात
अ‍ॅकॉर्डियन असा वाजवला
की लोक नाचायचे थांबून ऐकत राहिले.
त्यानंतर करवतीची गिरणी,
मग डाव्या हाताची दोन बोटं,
मग आम्ही.
"पिवळं काही कमी नसतं हं बगलेतलं," आई म्हणे,
कोणी विचारलेलं नसताना.

गेल्या ऑगस्टात एक तुरा तोडून तिच्या खाटेशी नेला.
मार्ग बंद होऊन किती वर्षं झाली,
रुळांच्या जागी आता सायकली जातात.
तळाच्या शेंगा तडकल्या होत्या,
कापूस उशीवर, तिच्या केसांत, पाण्याच्या पेल्यात.
तिने अंगठा तळाला टेकवला.
तौनो, म्हणाली. एक शेंग सोडून, साइमी.
मध्ये थोडी फुलं शिल्लक होती, त्यांना नावं दिली नाहीत.
अंगठा वर सरकत गेला
आणि शेंड्याच्या तीन कळ्यांपाशी थांबला.

बाहेर पहिलं दव गोठायला लागलं होतं.
मला ठाऊक होतं, शेंड्यावरच्या बऱ्याचदा उमलतच नाहीत,
बोंडापर्यंत पोचायच्या आधीच तुरा आवरता घेतो.
मी तिशीत नोकरीला, चाळिशीत लग्नाला
आणि आता साठीत पहिल्यांदा
कुणाच्या तरी जवळ बसायला आलेली.

"आणि ह्या?" मी विचारलं.

तिने अंगठा काढला नाही.
"पाणी बदल," म्हणाली,
"पेल्यात कापूस पडलाय."