सामाईक भिंत

कीथली. लिहितात एक, म्हणतात दुसरंच.
आमच्या गल्लीचंही तसंच:
बाहेरून बारा दारं, बारा पितळी नंबर,
आतून एकच लांबलचक दगडी घर,
मध्ये मध्ये भिंतींचे पडदे.

कराडच्या घराला चारी भिंती आमच्या होत्या.
इथे दोनच.
उरलेल्या दोन अर्ध्या माझ्या, अर्ध्या शेजारच्यांच्या.
घर घेताना वकिलाने कागदावर बोट ठेवलं होतं:
ही भिंत सामाईक.
मी सही केली.
अर्थ कळायला सात हिवाळे लागले.

जानेवारीत चौदा नंबरच्या विल्फ गारसाइडला
कंबरेचं हाड मोडलं म्हणून अँब्युलन्सने नेलं.
तिसऱ्या रात्री माझी डावी भिंत गार पडली.
हात लावला तर पाट्यासारखी.
म्हणजे इतकी वर्षं मी त्याची उष्टी ऊब पांघरत होते,
बिल तो भरत होता,
आणि नाताळला दारातून एक कार्ड सरकवलं
की फिटलं, असं मी धरून चालले होते.

पलीकडच्या शमीम आपाही तेच म्हणाल्या,
शालीच्या आत शाल घेऊन.
डेनिसकडे किल्ली होती, त्याच्या मांजरीपुरती.
ती म्हणाली, रविवारी उणे सात आहे.
पाइप फुटला तर आधी त्याचं घर भिजेल, मग तुमचं.
तेव्हा पुण्य वगैरे काही नाही,
आम्ही आपापली भिंत वाचवायला निघालो.

विल्फचा गॅस कार्डावरचा.
कोपऱ्यावरच्या दुकानात आधी पैसे भरा, मग ऊब.
ते कार्ड गल्लीभर फिरू लागलं
विरजणाच्या वाटीसारखं.
कुणी पाच पौंड, कुणी तीन.
ज्याच्या फुटबॉलवरून मी दोनदा ओरडले होते
त्या कीरनने दोन पौंड भरले, सगळी चिल्लर.
वीस नंबरने एक पेनी दिली नाही.
म्हणाला, लीड्सला मुलगा आहे ना त्याचा? त्याला सांगा.
खोटं नव्हतं ते.
पण विल्फच्या पायरीवरचा बर्फ रोज पहाटे कुणीतरी ओढलेला असायचा,
आणि गल्लीत फावडं एकट्या वीस नंबरकडे.

रोज तासभर कुणीतरी जाऊन बसायचं,
बॉयलर लावायचा, नळ सोडून बघायचा.
माझी पाळी गुरुवारची.
त्याच्या खुर्चीत बसवेना; शेजारच्या स्टुलावर बसले.
आणि भिंतीतून माझंच घर ऐकू आलं.
लेकीचे सतराचे पाढे, अडखळत.
नवऱ्याचं खोकणं. भांडं पडलं.
भिंतीला कान असतात हे लहानपणापासून ऐकलेलं;
त्या कानांना चौऱ्याऐंशी वर्षांची कंबर असेल
हे कधी मनात आलं नव्हतं.

मग कुकर वाजला. एक. दोन. तीन.
मी सहज समोरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.
कचऱ्याच्या गाडीचे वार, दवाखान्याची तारीख,
आणि खाली पेन्सिलीने, अगदी बारीक:
रात्रीची गोळी, बारा नंबरची शिट्टी झाली की.

कितीतरी वेळ मी तशीच बसून राहिले.
मांजर येऊन पायाशी वळली.

मार्चात विल्फ परतला, वॉकर ढकलत, कुरकुरत.
घराला कांद्याचा वास येतोय. उदबत्तीचाही.
मांजर केवढी फुगवलीत!
मग मीटरजवळ वाकून म्हणाला,
यात एकोणीस पौंड जास्तीचे आहेत. कोणाचे?
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
कुणालाच सांगता आलं नाही.

त्या रात्री आमची जेवणं लवकर उरकली होती,
कालचंच होतं, नुसतं गरम केलेलं.
भांडी घासून ओटा पुसला.
डाव्या भिंतीला हात लावून पाहिला.
मग मूठभर तांदूळ धुतले
आणि कुकर लावला.