उजवा आरसा

लिएपायाला एप्रिलात समुद्रावरून वारा येतो,
रंगाच्या कामाचा वैरी.
म्हणून गराजचं दार ओढून घेतलं,
स्प्रेचा डबा कोमट पाण्याच्या बादलीत उभा केला
आणि आरशांची दोन्ही टोपणं
पेपरावर पालथी मांडली.

नंबर दाराच्या खाचेतल्या पत्र्यावर होता.
दुकानातला मुलगा म्हणाला, रंग याच नंबराचा देतो,
पण गाडी आता या रंगाची राहिली नसेल.

आधी घासायचं.
आठशेचा कागद, पाणी, आणि धीर.
डावं टोपण लगेच संपलं:
निळा, राखाडी, खाली काळं प्लास्टिक.
उजवं संपेना.
निळा. त्याखाली जरा वेगळाच निळा.
मग पुट्टी, बोटानं दाबून बसवलेली,
अंगठ्याचे वळसेसुद्धा दिसतात.
पुन्हा निळा, त्यात ब्रशचा एक केस.
आणि सगळ्यांच्या तळाशी, ओरखड्यात भरलेलं,
चमचमणारं नेलपॉलिश.

हे मी ओळखते.
आईनं एका नवीन वर्षाच्या रात्री लावलं होतं,
आणि पुन्हा कधी नाही.
आईला जाऊन सहा वर्षं झाली.

म्हणजे तेव्हापासून.
डॉक्टर या फेब्रुवारीत म्हणाले, उजव्या डोळ्यात आता काही उरलेलं नाही,
आणि बाबा म्हणाले, हो का?
मला परीक्षेला सोडलं, आर्विसला बोटीवर सोडलं,
आईला दवाखान्यात नेलं, आणलं, नेलं,
ते सगळं एका डोळ्यानं.
फाटकाचा उजवा खांब दर वसंतात
ते पांढऱ्या चुन्यानं रंगवायचे.
आम्हाला वाटायचं, हौस.

"थांबलीस का?" क्रेटवर बसलेले बाबा.
"पाणी बदलते."
"रास्माच्या बाटलीपर्यंत पोचलीस वाटतं."

मी तेवढा ओरखडा घासला नाही.
त्याच्यावरूनच प्रायमर मारला.
मग रंगाचे तीन पातळ हात, वर लाखेचा एक,
आणि टोपणं नेऊन स्नानगृहात टांगली,
शनिवारची ऊब तिथल्या लाकडात अजून होती.

संध्याकाळी बसवली.
नव्या निळ्यापुढे अख्खी गाडी
धुऊन धुऊन विटलेल्या चादरीसारखी.
बाबांनी मान पार वळवून
डाव्या डोळ्यानं उजवा आरसा पाहिला.
"जुळला," म्हणाले.
मीही म्हटलं, जुळला.

सकाळी गाडी मी काढली.
फाटकाशी हळू केली.
उजव्या खांबावरचा चुना
ओला होता.