चहाच्या आधीचे दोन तास

आमच्या रिझेत पाणी मागितलं तरी चहा येतो.
डोंगरावरून तारेला लटकून उतरतात त्या गोण्या चहाच्या,
आणि माझं पोट भरतं ते दुकानही चहाचं,
बंदराजवळ, सात टेबलं, एकावर एक दोन किटल्या.

अशा गावात डॉक्टरीणबाई माझ्या बायकोला म्हणाली,
गोळीच्या आगेमागे चहा नको.

नाझिरे तेव्हा पांढरीफटक होती.
बाईने तिची खालची पापणी ओढून मला दाखवली.
तिथे लाल असायला हवं,
होतं ते धुतलेल्या मासळीच्या पोटासारखं.
मला आधीच कळायला हवं होतं.
वर्षभर ती मासळीच्या खोक्यातला बर्फ उचलून
कडाकडा चावत होती, आणि मी हसत होतो.
घरापर्यंतच्या चढावर तीनदा बसत होती,
आणि मी म्हणत होतो, वय.

रक्त जात होतं कुठे?
पोटात नळी घालून पाहिलं तेव्हा सापडलं:
एक व्रण, चण्याएवढा.
गुडघ्यांसाठी माझ्या नकळत घेतलेल्या
दुखण्यावरच्या गोळ्यांनी केलेला.
गुडघे गेले ते उतारावर पानं खुडून.
म्हणजे फिरून चहाच.

त्या गोळ्या बंद झाल्या. व्रणाचं औषध वेगळं.
आणि लोहाची ही, एक दिवसाआड एक,
उपाशीपोटी, संत्र्याच्या रसाबरोबर.
"मळमळलं तर दोन घास खाऊन घे,
पण दही नको, चीज नको,"
औषधांच्या दुकानातल्या सेव्दाने डबीवर लिहून दिलं.
"थायरॉइडची गोळी पहाटे घेतेस ना?
मग ही चार तासांनी.
आणि चुकली एखादी तर चुकली,
दुसऱ्या दिवशी दोन घेऊन भरपाई करायची नाही."

चौथ्या दिवशी नाझिरे संडासातून बाहेर आली ती गप्प.
रात्री कानात सांगितलं: काळं.
मी कोट चढवून सेव्दाच्या दारात.
ती जांभई देत म्हणाली, लोह आहे, काळं होणारच.
मग जांभई अर्धी टाकून:
"पण डांबरासारखं चिकट, घाण वासाचं झालं,
किंवा तिला घेरी आली,
तर माझ्याकडे येऊ नकोस, सरळ इस्पितळात जा."
लोखंडाचे चणे म्हणतात ते हेच असावेत.
पोट असं आवळलं
की वाटीभर भिजवलेले अंजीर आणि शिव्या,
दोन्ही रोज.

एका दुपारी नातू, अल्पेर, अडीच वर्षांचा,
खुळखुळ वाजवत आला.
त्याच्या हातात तीच डबी.
लाल, चकचकीत, अगदी गोळ्या-चॉकलेटांसारख्या.
झाकण लागलेलं होतं. एवढंच.
नाझिरेने जमिनीवर ओतून मोजल्या,
पुन्हा मोजल्या, मग मला मोजायला लावल्या.
एकोणीस. एकोणीसच हव्या होत्या.
तिला जोर देणाऱ्या मूठभर गोळ्या
त्याचा जीव घेऊ शकल्या असत्या.
तेव्हापासून डबी कुलपात
आणि किल्ली माझ्या गळ्यात, नमाजाच्या टोपीखाली लपवावी
तशी शर्टाखाली.

दोन महिन्यांनी ती चढ न बसता चढली.
वर पोचून म्हणाली, झालं, आता पुरे.
रक्ताचा कागदही चांगला होता.
डॉक्टरीणबाई म्हणाली,
"खिशात पैसे आलेत, पेटी अजून रिकामी आहे.
आणखी तीन महिने."

म्हणून आज गोळीचा दिवस.
नऊला तिने रस प्यायला, तोंड वाकडं केलं,
आणि माझ्या दुकानात, चहाच्या दुकानात,
हात मांडीवर ठेवून बसली आहे.
गिऱ्हाईकांना मी देतो. मी मात्र घेत नाही.
तिने सांगितलेलं नाही, मी विचारलेलं नाही.
मघाशी बर्फवाला खोकं टाकून गेला.
तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

अकराला पाच कमी.
मी खालच्या किटलीखालचा जाळ वाढवतो.