दोन फरशा मागे

बुधवारी दुपारी दोनला
जुन्या कपडाखोलीत आम्ही सात जण.
धुतल्या चादरींचा वास अजून येतो इथं.
खिडकीबाहेर ॲबर्डीन,
अख्खं शहर ओल्या ग्रॅनाइटचं.

नियम एकच, कागद आणायचा नाही.
आठवेल तेवढं सांगायचं.
विसरलेलं आपोआप येऊन बसतं मधल्या रिकाम्या जागेत.

आज मॉर्व्हन बोलली.
तिचा रुग्ण एकाहत्तरचा, जन्मभर ट्रॉलरवर.
मुलगा समुद्रात गेला.
"गेला म्हणजे?"
"म्हणजे परतला नाही."
दर वेळी येतो, खिशातून सुतळी काढतो,
पंचवीस मिनिटं गाठी मारत बसतो
आणि उठताना विचारतो, "डॉक्टर, जेवलीस का?"

"मला राग येतो," ती म्हणाली,
"इतका, की परवा पत्र लिहिताना
त्याचं नावच आठवेना."

मग तिनं खुर्ची मागे घेतली,
दोन फरशा.
आता ती फक्त ऐकणार,
आणि तिचा म्हातारा आमच्या हवाली.

एबेले म्हणाला, "मी त्याच्या जागी असतो
तर हातांना काहीतरी लागलंच असतं."
रुअरीला ऐकता ऐकता भूक लागली होती,
तसं तो म्हणाला, आणि हसला, आणि मग लाजला.
"गाठी कसल्या?" कुणीतरी विचारलं, "सुरगाठ की निरगाठ?"
मॉर्व्हनला उत्तर द्यायची मुभा नव्हती.
तिनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

बराच वेळ फक्त रेडिएटर कुरकुरत होता.
फार्कर्सन बाईंनी ती शांतता
कुणालाच भरू दिली नाही.
मग इशबेल हळूच म्हणाली,
"त्या बोटीवर रांधायचं कोण?"

मॉर्व्हननं मान वर केली.
सात महिन्यांत
हे तिनं विचारलंच नव्हतं.

मी काहीच बोलले नाही.
मी मार्चमधल्या त्या दफनभूमीत होते,
सगळ्यांच्या मागे, भाड्याच्या छत्रीखाली.
त्याच्या आईनं मला ओळखलं,
आणि ओळख दाखवली नाही.
त्याला मी या खोलीत अजून आणलेलं नाही.
कागदाशिवाय सगळं आठवतं मला,
तीच तर अडचण आहे.

साडेतीनला मॉर्व्हननं खुर्ची पुढे ओढली,
एकच फरशी.
कुणी काही सुचवलं नाही. तशी इथं रीत नाही.

दाराशी रुअरीनं डब्यातलं शेवटचं बिस्कीट
मोडून अर्धं माझ्यापुढे धरलं.
सकाळपासून पोटात काही नव्हतं,
हे मला तेव्हा कळलं.