ओली लाईन

डॉक्टर दुबाश म्हणाले, पोहा,
पण एकशे वीसच्या वर जायचं नाही.
स्टेंट नवा आहे, तुम्ही नाही.

मुलीने बंगळूरहून घड्याळ पाठवलं.
जमिनीवर शहाण्यासारखं वागतं :
दोन जिने चढलो, ब्याण्णव.
पार्किंगवरून टिपणिसांशी बोललो, एकशे चार.
चेंबूरच्या तलावात उतरलो
की दोन आडव्या रेघा.
घरी विनया फोनवर माझा आलेख उघडते :
सहा वीस ते सहा पन्नास
माणूसच नाही.

तीस वर्षं टेलिफोन खात्यात केबल जोडल्या मी.
हिंदमात्याच्या मॅनहोलमध्ये गुडघाभर पाणी,
वर रस्त्यावर लाल झेंडी धरून उभा शिर्सेकर,
आणि माझ्या हातात आठशे जोड्या,
कागदात गुंडाळलेल्या, केसासारख्या तारा.
पाणी शिरलं म्हणून लाईन लगेच मरत नाही.
आधी खरखरते.
मग भलत्याच कुणाचं बोलणं ऐकू येतं.
घड्याळानेही तेच केलं,
एका सकाळी एकशे सत्तर दाखवले.
घाबरून शिडी धरली.
ते ठोके माझे नव्हतेच,
सैल पट्ट्यात हिंदकळणाऱ्या घड्याळाने
माझ्या हातांचे फटके मोजले होते.

म्हणजे दोष यंत्रात नाही. जोडात.

खात्यात असताना मेण उकळून ओतायचो जोडावर,
ओल पळवायला,
वरून शिशाची बाही.
मनगटाला ते करता येत नाही,
म्हणून लॅमिंग्टन रोड.

नौशाद. वीस-बावीसचा. काउंटरवर पट्ट्यांचा ढीग.
सोबत आलेला सिलिकॉनचा बघून म्हणाला, भोकं लांब लांब आहेत.
खरंच. तिसऱ्यात सैल, चौथ्यात बोटं निळी,
माझं मनगट त्या दोन भोकांच्या मधे कुठेतरी राहतं.
स्टीलचा : "अंकल, हा लग्नाला."
चामड्याचा त्याने काढलाच नाही.
विणलेला, बिनबकलाचा, दुकानात फार गोड बसला.
नौशादने तो चहाच्या ग्लासभर पाण्यात बुडवला,
पिळला, पुन्हा चढवला,
आणि घड्याळ माझ्या हातावर
बांगडीसारखं फिरलं.
शेवटी वेल्क्रोचा. करडा. साडेतीनशेचा तीनशेला.
भोकंच नाहीत. ओढू तिथे थांबतो.

घड्याळ उलटं करून त्याने हिरवा दिवा दाखवला :
हा रक्तात बघतो. मधे पाणी आलं
की पाणीच बघत बसतो.
मी म्हटलं, हे तू मला शिकवतोस?
त्याला कळलं नाही. सुटे पैसे मोजत राहिला.

हाडावर नाही, हाडाच्या दोन बोटं वर,
जिथे हात जरा मांसल होतो.
अंग कोरडं असताना बांधायचा, शॉवरच्या आधी.
खोबरेल लावलेल्या हातावर नाही
(विनया, ऐकतेस ना).
पाण्यात उतरताना अजून अर्धा बोट ओढायचा,
बाहेर आलं की सैल करायचा,
नाहीतर दुपारपर्यंत खाजतं.

आज लाल टोपी, चौथी लेन, चार लांब्या.
कठड्याला लटकून गळ्यावर दोन बोटं ठेवली.
भिंतीवरचं घड्याळ, पंधरा सेकंद : अठ्ठावीस.
चोक एकशे बारा.
पाण्यातच मनगट वळवलं.
एकशे तेरा.
एवढा फरक आम्ही खात्यात पास करायचो.

जोड झाला की खड्ड्यातूनच
हँडसेट कानाला लावून एक्स्चेंजला हाक द्यायची,
ती सवय कुठे जाते.
तोंडातून निघून गेलं,
"हॅलो, पहिली जोडी. आवाज येतोय?"

शेजारच्या लेनमधल्या बाईंनी गॉगल वर केला.
काय म्हणालात?

काही नाही, म्हटलं. टेस्टिंग.